मित्राला ब्लूग्रास आणि कंट्री-रॉक ऐकवायचं असेल तर: कोणाला, कोणता अल्बम, कोणत्या क्रमाने

काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका जुन्या मित्राने विचारलं, "ते 'कंट्री रोड्स' आहे ना, त्या प्रकारचं अजून काय आहे रे?" मला इतका आनंद झाला की त्याच रात्री बसून मी त्याला चाळीस अल्बमची यादी पाठवली. सालवार, नीट क्रमाने. त्याने त्यातला एकही ऐकला नाही. दोष त्याचा नव्हता. चाळीस नावांतून सुरुवात कुठून करायची हे कळायला आधी ती चाळीस माहीत असावी लागतात.

सहा महिन्यांनी मी त्याला एकच अल्बम पाठवला, सोबत दोन ओळी. तो त्याने लोकलमध्ये येता-जाता तीन दिवसांत ऐकून संपवला आणि चौथ्या दिवशी फोन केला. तेव्हापासून माझी पद्धत तीच आहे. एका वेळी एक अल्बम द्यायचा आणि तो समोरच्याच्या कानावरून निवडायचा. इतिहास मागून आपोआप येतो. ही पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हे संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं ब्लूग्रास आणि तिथल्या कंट्री व रॉकच्या मिश्रणातून आलेलं कंट्री-रॉक, माझ्या फार जवळचं आहे आणि आपल्याकडे ते चुकीच्या दारातून आत गेल्यामुळे अनेकांच्या हातून निसटतं.

पहिली पायरी: आधी त्याला बोलतं करा

अल्बमचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाण्यात तुझं लक्ष आधी कुठे जातं: शब्दांकडे, आवाजाकडे की वाद्यांकडे? जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर चालते का? आणि ड्रम नसतील तर गाणं रिकामं वाटतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक फार वेगळं येतं. जो बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या प्रेमाने ऐकतो, त्याला १९४६ सालच्या अमेरिकेतली मोनो रेकॉर्डिंग मुळीच खटकत नाही. उलट ज्याचं सगळं ऐकणं गेल्या वीस वर्षांतलं आहे, त्याला तीच रेकॉर्डिंग दुसऱ्या मिनिटाला बंद करावीशी वाटते. दोघांना एकच अल्बम देऊन कसं चालेल?

आपल्याकडे बहुतेकांची या संगीताशी ओळख दोन गाण्यांतून झालेली असते: जॉन डेन्व्हरचं १९७१ मधलं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' आणि ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. दोन्ही ब्लूग्रास नव्हेत, आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं १९७६ च्या अखेरीस, म्हणजे ईगल्स कंट्री-रॉकपासून बरेच दूर गेल्यावर. तरी ही दारं चांगली आहेत. पहिल्यात मागे बँजो वाजतो, दुसऱ्यामुळे ईगल्सच्या पहिल्या अल्बमकडे वळता येतं. "ते खरं कंट्री नाहीच" असं म्हणून कुणाची आवड खाली पाडू नका. त्याच गाण्यात त्याला नेमकं काय आवडलं ते विचारा.

दुसरी पायरी: पाच मिनिटांत कान तयार करून द्या

ब्लूग्रास म्हणजे जुनं लोकसंगीत असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात हा प्रकार एका माणसाच्या बँडभोवती तयार झाला आणि त्याचं वयही फार नाही. बिल मन्रो हा १९११ साली केंटकी राज्यातल्या रोझीन गावाजवळ जन्मला. 'ब्लूग्रासचं राज्य' ही केंटकीची ओळख, म्हणून त्याने बँडला नाव दिलं 'ब्लू ग्रास बॉइज', आणि त्या नावावरूनच पुढे सगळ्या प्रकाराला नाव पडलं. १९३९ मध्ये तो कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. पण ज्याला आज आपण ब्लूग्रास म्हणतो तो आवाज पुरा जमला १९४५ च्या डिसेंबरात, जेव्हा नॉर्थ कॅरोलिनाचा अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा तरुण बँजो घेऊन बँडमध्ये दाखल झाला. मँडोलिनवर मन्रो, गिटारवर लेस्टर फ्लॅट, बँजोवर स्क्रग्ज, फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. या पाच जणांची १९४६-४७ मधली रेकॉर्डिंग हे ब्लूग्रासचं मूळ घराणं समजा.

हे सांगताना अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं ऋण आवर्जून सांगा. बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी तिथे घडवलं. लहानपणी मन्रो ज्याच्यासोबत नाचगाण्यांत साथीला वाजवायचा तो आर्नल्ड शुल्ट्झ हा काळा गिटारवादक आणि फिडलर होता, आणि मन्रोच्या संगीतातला ब्लूज तिथून आला. हे वगळून केलेली शिफारस मला अर्धवट वाटते.

आता वाद्यांकडे. माझा मावसभाऊ तबला वाजवतो. त्याला मी पहिल्यांदा ब्लूग्रास ऐकवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "अरे, ठेका कोण देतंय?" ड्रम कुठेच नाही, तरी लय एवढी पक्की कशी, हे त्याला कळेना. मी म्हटलं, बास आणि मँडोलिन एकत्र ऐक. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बासचा खोल ठोका पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला तारा दाबून एक फटका मारतो आणि लगेच बोटांचा दाब सोडतो, त्यामुळे सूर न उमटता नुसतं "टक्" होतं. त्याला चॉप म्हणतात. एकदा तो कानाला सापडला की ड्रमची उणीव भासत नाही. भावाने दोन मिनिटं मांडीवर ताल धरला आणि मग म्हणाला, "म्हणजे डग्गा एकाच्या हातात, चाट दुसऱ्याच्या."

बँजोसाठीही असाच एक धागा देता येतो. स्क्रग्ज अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत नख्या घालून वाजवायचा. त्यातला सर्वांत ओळखीचा बाज आठ स्वरांचा, पण तो तीन-तीन-दोन असा तुटतो, म्हणून वजन सतत सरकतं आणि धावल्यासारखं वाटतं. शिवाय पाच तारांपैकी पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्येच बसवलेली, आणि ती उंच सुरात एकसारखी वाजत राहते. सतार ऐकणाऱ्याला "चिकारीसारखी" एवढं सांगितलं तरी पुरतं.

गाताना एक वाद्य आवाजाला उत्तरं देतं, बाकीची मागे सरतात. मग प्रत्येक वादक आळीपाळीने पुढे येऊन आपलं कडवं वाजवतो, त्याला ब्रेक म्हणतात. आणि वरच्या पट्टीतला ताणलेला, एकाकी आवाज: मन्रोचा किंवा व्हर्जिनियाच्या स्टॅनली बंधूंपैकी राल्फचा. तो पहिल्यांदा कानाला टोचतो. टोचेल असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे मित्र बिचकत नाही.

तिसरी पायरी: पहिला ब्लूग्रास अल्बम

मन्रोची १९४६-४७ ची रेकॉर्डिंग पहिल्या भेटीत देऊ नका. मूळ झरा तोच आहे, पण तिथवर चालत जाऊ द्या. अपवाद फक्त जुन्या तबकड्यांच्या शौकिनाचा.

वाद्यांवर जीव असणाऱ्याला मी डोळे मिटून फ्लॅट आणि स्क्रग्ज यांचा 'फॉगी माउंटन जॅम्बोरी' देतो. दोघांनी १९४८ मध्ये मन्रोला सोडून स्वतःचा बँड काढला. हा अल्बम १९५७ चा, गाणी छोटी, दोन-अडीच मिनिटांची, त्यामुळे दमायला होत नाही. त्यातलं 'अर्ल्स ब्रेकडाउन' आधी लावायला सांगा. मध्येच बँजोचा एक सूर वाजता-वाजता खाली घसरतो आणि पुन्हा जागेवर येतो. स्क्रग्जने बँजोला वेगळ्या खुंट्या बसवल्या होत्या, वाजवतानाच त्या पिरगाळून तो तार सैल करायचा आणि परत नेमक्या सुरात आणायचा. पडद्यांच्या वाद्यावर काढलेली ती मींडच. मावसभावाने ते दहा सेकंद सहा वेळा मागे नेऊन ऐकले. याच अल्बममधलं 'रँडी लिन रॅग' स्क्रग्जने आपल्या लहान मुलाच्या नावावरून केलं. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्याला स्वच्छ, अलीकडचा आवाज हवा त्याला 'जे. डी. क्रो अँड द न्यू साउथ' द्या. १९७५ सालचा हा अल्बम. या संगीताचे जुने शौकीन त्याला नावाने न ओळखता कंपनीच्या क्रमांकाने ओळखतात: राउंडर ००४४. बँजोवर क्रो, गिटार आणि मुख्य आवाज टोनी राइसचा, मँडोलिन आणि फिडलला रिकी स्कॅग्ज, डोब्रोवर (आडवी धरून सळईने वाजवायची गिटार) जेरी डग्लस. त्या वेळी राइस आणि स्कॅग्ज विशीतले होते, डग्लस तर विशीच्याही आतला. पहिल्याच गाण्यात, 'ओल्ड होम प्लेस'मध्ये, राइसचा आवाज येतो तो वरच्या पट्टीतला नसतो. भरदार, मधल्या सप्तकातला. त्यामुळे ज्यांना जुना टोचरा आवाज झेपत नाही त्यांना हा लगेच आपलासा वाटतो.

एक प्रयोग इथे नक्की करा. 'सम ओल्ड डे' हे गाणं 'जॅम्बोरी'तही आहे आणि क्रोच्या अल्बममध्येही. दोन्ही लागोपाठ ऐकवा. मध्ये अठरा वर्षं गेली, गाणं तेच, पण ठेक्याचं वजन, आवाजांची मांडणी, गिटारची जागा, सगळं बदललेलं ऐकू येतं. घराणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना समजावायला याहून सोपी जोडी मला सापडलेली नाही.

शब्द आणि आवाज यांच्या प्रेमात असणाऱ्याला स्टॅनली बंधूंची १९४९ ते १९५२ मधली कोलंबिया कंपनीसाठी केलेली रेकॉर्डिंग सुचवा, पण तो तयार असेल तरच. तयार नसेल तर अ‍ॅलिसन क्रॉस आणि युनियन स्टेशनचा १९९७ मधला 'सो लाँग सो राँग'. बायकांचा आवाज या परंपरेत उशिरा ऐकू आला, त्याबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणीला मी हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड यांचा १९६५ मधला अल्बम दिला. हेझल वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींच्या मुलखातली. दोघींच्या आवाजाला कसलीही पॉलिश नाही, आणि तोच त्याचा जोर आहे.

एल्विस प्रेस्लीचा चाहता भेटला तर त्याच्यासाठी एक सोपा रस्ता आहे. मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी' १९४६ मध्ये संथ, तीन मात्रांच्या चालीत रेकॉर्ड झालं. १९५४ मध्ये कोवळ्या एल्विसने ते चार मात्रांत धावतं केलं. मन्रोने चिडून बसण्याऐवजी त्याच वर्षी गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं: सुरुवात जुन्या तीन मात्रांत, आणि मध्येच उडी मारून चार मात्रांत. ही तिन्ही रूपं एकापाठोपाठ दहा मिनिटांत होतात आणि चाहता परत येऊन अजून मागतो.

चौथी पायरी: मधला पूल

एकच अल्बम सुचवायची परवानगी असती तर मी 'विल द सर्कल बी अनब्रोकन' सुचवला असता. कॅलिफोर्नियातल्या 'निटी ग्रिटी डर्ट बँड'च्या लांब केसांच्या पोरांनी १९७१ च्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलला जाऊन ज्येष्ठ कलाकारांना आपल्यासोबत वाजवायला बोलावलं. मदर मेबेल कार्टर, रॉय एकफ, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन, फिडलवर व्हॅसार क्लेमंट्स. बिल मन्रोने नकार दिला. व्हिएतनाम युद्धाचा काळ, लांब केस म्हणजे एक बाजू आणि नॅशव्हिल म्हणजे दुसरी, असं वातावरण. सहा दिवसांत सगळं थेट दोन ट्रॅकवर उतरलं, नंतर काही चिकटवलं नाही. १९७२ मध्ये तीन एलपींचा संच निघाला.

याची खरी दौलत गाण्यांच्या मधल्या गप्पांत आहे. त्या तशाच ठेवल्यात. रॉय एकफ सांगतात की गाणं पहिल्याच वेळी नीट वाजवायचं, कारण प्रत्येक फेरीत थोडं काहीतरी हरवतं. एका ठिकाणी डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस बोलताना ऐकू येतात. डॉक अंध, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातले, आणि ट्रॅव्हिसची गिटार ऐकून-ऐकून मोठे झालेले. इतके की मुलाचं नाव त्यांनी मर्ल ठेवलं. दोघांची भेट त्याआधी झालीच नव्हती. ती पहिली भेट टेपवर आहे. आवाजातला संकोच ऐका, एकमेकांना मान देण्याची धडपड ऐका. एखाद्या तरुण गायकाला ज्याच्या रेकॉर्डवर तो शिकला त्या बुवांच्या शेजारी बसवल्यावर जसं होईल तसं ते आहे. मित्राला स्पष्ट सांगा की या गप्पा वगळून पुढे जाऊ नकोस. इंग्रजी उच्चार समजायला जड आहेत, पण दुसऱ्यांदा ऐकताना बरंच उलगडतं.

तीन एलपींचा पसारा मोठा आहे, म्हणून मी तो तीन दिवसांत वाटून देतो: रोज एक एलपी, त्याच क्रमाने. शफलवर लावला तर त्याचा जीवच जातो.

दुसरा पूल तरुणांसाठी. 'ओल्ड अँड इन द वे' हा १९७३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये थेट मुद्रित झालेला, १९७५ मध्ये निघालेला अल्बम. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा जेरी गार्सिया इथे बँजो वाजवतो, सोबत मँडोलिनला डेव्हिड ग्रिसमन, गिटारला पीटर रोवन आणि फिडलला पुन्हा व्हॅसार क्लेमंट्स. रॉक ऐकणारा माणूस या एका अल्बममुळे ब्लूग्रासकडे वळल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत.

पाचवी पायरी: कंट्री-रॉककडे वळताना

कंट्री-रॉक म्हणजे रॉकवाल्यांनी कंट्रीची टोपी घातली, असं कुणी म्हणालं तर त्याला वादकांची पूर्वपीठिका सांगा. 'द बर्ड्स' या रॉक बँडचा बास वाजवणारा ख्रिस हिलमन त्याआधी ब्लूग्रास बँडमध्ये मँडोलिन वाजवायचा. ईगल्सचा बर्नी लेडन बँजोवाला. क्लॅरेन्स व्हाइट तर 'केंटकी कर्नल्स' या ब्लूग्रास बँडचा असामान्य गिटारवादक. १९६८ मध्ये तो 'बर्ड्स'मध्ये गेला आणि १९७३ मध्ये गाडीत सामान भरताना दारू प्यायलेल्या चालकाच्या मोटारीने त्याला उडवलं. त्याची १९३५ सालची मार्टिन गिटार, आवाजाचं भोक मोठं केलेली, पुढे टोनी राइसकडे आली. म्हणजे ही दोन संगीतं वेगवेगळ्या गल्लीतली नाहीत. एकाच गिटारने दोन्ही वाजवली आहेत.

सुरुवात कशाने करायची? इतिहासकार 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' म्हणतील. १९६८ चा 'बर्ड्स'चा हा अल्बम फार खपला नाही, अमेरिकेच्या यादीत तो ७७ व्या स्थानापलीकडे गेला नाही. रॉकच्या श्रोत्यांना तो जुनाट वाटला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये 'ग्रँड ओल ऑप्री'त हा बँड उभा राहिला तेव्हा तिथल्या श्रोत्यांनीही थंडच स्वागत केलं. तिथे बँडमधल्या ग्रॅम पार्सन्सने ठरलेलं गाणं सोडून आपल्या आजीसाठी 'हिकरी विंड' गायलं. मला हा अल्बम अतिशय प्रिय आहे, पण पहिला म्हणून मी तो देत नाही. त्यातला पेडल स्टीलचा आवाज कानाला सवयीचा व्हावा लागतो.

पेडल स्टीलची एवढी ओळख करून द्या: आडवी ठेवलेली गिटार, तारांवरून लोखंडी दांडा सरकतो, आणि पायातल्या पेडलनी व गुडघ्याच्या कळांनी तारा वाजत असतानाच ताणल्या किंवा सैल केल्या जातात. त्यामुळे एक सूर जागेवर राहतो आणि शेजारचा त्याच्यातून हळूच सरकत निघतो. मींड ऐकणाऱ्या कानाला ही जादू पटकन कळते, पण दोन सुरांची मींड एकाच वेळी, ही गोष्ट नवी असते.

माझा क्रम असा आहे. ईगल्सप्रेमी माणसाला ईगल्सचाच १९७२ चा पहिला अल्बम. कॅलिफोर्नियाचं संगीत, पण मुद्रण लंडनमध्ये झालेलं. 'टेक इट ईझी'च्या उत्तरार्धात लेडनचा बँजो कुठे शिरतो ते शोधायला सांगा, बहुतेकांनी शंभरदा ऐकूनही तो वेगळा ऐकलेला नसतो. शब्द आणि एकत्र आवाजांची आवड असणाऱ्याला ग्रेटफुल डेडचा १९७० मधला 'अमेरिकन ब्यूटी'. त्यातल्या 'रिपल'मधलं मँडोलिन ग्रिसमनचं आहे, म्हणजे 'ओल्ड अँड इन द वे'कडे जायची पायवाट तयारच. कॉलेजातल्या त्या मित्राला मी सहा महिन्यांनी पाठवलेला अल्बम हाच.

रॉकची धार हवी असणाऱ्याला 'फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स'चा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन', १९६९. इथे स्नीकी पीट क्लाइनोने पेडल स्टील फझमधून (आवाज फाटका, खरखरीत करणारं उपकरण) काढून असा वाजवला की इलेक्ट्रिक गिटारच वाटावी. नील यंगचा 'हार्व्हेस्ट' घरोघरी माहीत असतो, त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

आणि ज्याला दोन आवाजांचं नातं ऐकायचं आहे त्याला ग्रॅम पार्सन्स आणि एमिलू हॅरिस. 'जीपी' १९७३ चा, 'ग्रीव्हस एंजल' १९७४ च्या जानेवारीतला. दोन्हींच्या मध्ये, १९७३ च्या सप्टेंबरात पार्सन्स गेला, वयाच्या २६ व्या वर्षी. 'ग्रीव्हस एंजल' आधी ऐकवा. त्याचा आवाज थोडा डगमगतो, एमिलूचा वरून येऊन त्याला धरून ठेवतो. मी हे लिहिताना सुद्धा तो क्षण कानात आहे. पुढे एमिलूने १९८० मध्ये 'रोझेस इन द स्नो' केला, स्कॅग्ज, राइस आणि डग्लस यांना घेऊन. कंट्री-रॉकमधून निघून ब्लूग्रासला परत पोचायचा रस्ता हाच, म्हणून मी तो नेहमी सर्वांत शेवटी राखून ठेवतो.

सहावी पायरी: कसं ऐकायचं तेही सांगा

फोनच्या स्पीकरवर ब्लूग्रास ऐकू नकोस, एवढं तरी सांगाच. त्यात बास उरत नाही, आणि बास गेला की चॉप नुसता खडखडाट वाटतो. साधे दोनशे-तीनशे रुपयांचे हेडफोन चालतील.

संकलनांपासून सावध करा. जुन्या कलाकारांच्या गाजलेल्या गाण्यांच्या नावाखाली अनेकदा त्यांनी उतारवयात नव्याने केलेली रेकॉर्डिंग असतात. एका ओळखीच्या बाईंनी मी सांगितलेलं गाणं असंच एका संकलनातून ऐकलं आणि "काही विशेष नाही" म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती, मीच साल सांगितलं नव्हतं. आता मी अल्बमचं नाव आणि साल दोन्ही लिहितो. वाढीव गाण्यांच्या आवृत्त्यांबाबतही तेच. 'स्वीटहार्ट'च्या मूळ एलपीवर अकरा गाणी आहेत. पहिल्यांदा तेवढीच ऐकायची. पार्सन्सच्या आवाजातल्या काही गाण्यांवर कराराच्या भानगडीमुळे दुसऱ्याचा आवाज चढवला गेला होता, ती मूळ रूपं नंतरच्या आवृत्त्यांत मिळतात. तो दुसऱ्या आठवड्याचा खाऊ.

सातवी पायरी: आपल्या शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांसाठी

इथे खरेखुरे दुवे आहेत. डोब्रोवाला जेरी डग्लस, बासवादक एडगर मायर आणि मोहनवीणेचे विश्वमोहन भट्ट यांचा 'बर्बन अँड रोझवॉटर' १९९५ चा. काचेच्या किंवा लोखंडी सळईने तार घासून सूर काढण्याच्या दोन परंपरा समोरासमोर बसल्यात. दुसरा दुवा आपल्या मुंबईचा. उस्ताद झाकिर हुसेन, बँजोवादक बेला फ्लेक, एडगर मायर आणि बासरीवर राकेश चौरसिया यांच्या 'अ‍ॅज वी स्पीक'ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. फ्लेक मुळात याच ब्लूग्रासच्या फळीतला. तबल्याशी बोलताना त्याच्या बोटांतलं तीन-तीन-दोन ओळखता येतं.

पण हे ब्लूग्रास म्हणून देऊ नका. 'जॅम्बोरी' आणि क्रो ऐकून झाल्यावर द्या, म्हणजे कोण आपल्या घरून काय घेऊन आलंय हे कळेल. मावसभावाला मी ते उलट क्रमाने दिलं होतं, आणि बँजो हे नुसतं एक वेगळं तंतुवाद्य आहे एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

आठवी पायरी: निरोप लिहिणं आणि नंतरचा फोन

निरोप छोटा असू द्या. अल्बम, साल, कुठलं गाणं आधी, आणि त्यात काय ऐकायचं. मी असं लिहितो: "फॉगी माउंटन जॅम्बोरी, फ्लॅट आणि स्क्रग्ज, १९५७. आधी 'अर्ल्स ब्रेकडाउन' लाव, हेडफोनवर. बँजोचा सूर मध्येच खाली घसरतो बघ. मग पहिल्यापासून सगळा ऐक, अर्ध्या तासाचा आहे." महान, अजरामर, ऐकलाच पाहिजेस, असले शब्द टाळा. त्यांनी मित्रावर आवडण्याचं ओझं येतं.

आशयाची कल्पनाही द्या. या गाण्यांत देवाधर्माची गाणी भरपूर आहेत, आणि प्रेयसीच्या खुनाच्या जुन्या कथाही आहेत. हे माहीत नसताना गोड चालीवर तसले शब्द कानी पडले तर धक्का बसतो.

आठवडाभराने फोन करा, पण "आवडला का?" विचारू नका. त्याचं उत्तर "हो, छान आहे" असंच येतं. विचारा, "कुठलं गाणं पुन्हा लावलंस?" किंवा "कुठे बंद केलास?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगी. "तो वरचा आवाज सहन झाला नाही" म्हटलं तर क्रो आणि राइस. "सगळी गाणी सारखीच वाटली" म्हटलं तर 'सर्कल'.

कॉलेजातल्या त्या मित्राला 'अमेरिकन ब्यूटी'नंतर मी 'सर्कल' दिला होता. तीन दिवसांऐवजी त्याने तीन आठवडे घेतले. मग एका रात्री साडेअकराला त्याचा निरोप आला: "शेवटचं, शब्द नसलेलं. फक्त गिटार. ते कोण वाजवतंय?" एवढ्या माणसांच्या गजबजाटानंतर असावी तशी शांतता त्या तुकड्यात आहे. 'बोथ साइड्स नाउ', एकट्या गिटारवर. वाजवणारा रँडी स्क्रग्ज, अर्लचा मुलगा, तेव्हा अठरा वर्षांचा.

मी त्याला उत्तरादाखल एकच ओळ पाठवली: "फॉगी माउंटन जॅम्बोरी, १९५७, 'रँडी लिन रॅग' आधी लाव."